दुर्बीण चांगली, माउंट चांगला, तरी फोटोत तारे लांबट? चिखलदऱ्याला निघण्याआधी ‘ओएजी’चा फोकस घरच्या गच्चीवरच लावून घ्या

मुंबईहून नागपूरकडे रेल्वेनं जाताना धामणगाव सुटलं की पुलगावच्या आधी तळणी नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. अमरावती जिल्ह्यातलं. बहुतेक गाड्या तिथे थांबतही नाहीत.

पण २२ जानेवारी १८९८ ला या तळणीत इंग्लंडहून आलेली मंडळी आभाळाकडे कॅमेरे रोखून उभी होती. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं आणि सावलीचा पट्टा वऱ्हाडातून जात होता. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या या तुकडीत वॉल्टर माँडर आणि त्यांची पत्नी ॲनी माँडर होते. ॲनीबाईंनी एका लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक लांबच लांब झोत टिपला. तोवर इतका लांब झोत कुणाच्याच फोटोत आला नव्हता.

म्हणजे वऱ्हाडातून आभाळाचे फोटो काढणं हे काही इन्स्टाग्राममुळे सुरू झालेलं खूळ नाही. सव्वाशे वर्षं झाली त्याला.

फरक एवढाच की ॲनीबाईंचा सगळा खेळ जेमतेम दोन मिनिटांचा होता. खग्रास अवस्था तेवढीच टिकली. आज अमरावती-अकोल्याची पोरं ज्यांच्या मागे लागतात, ती देवयानी आकाशगंगा, मृगातला तेजोमेघ, घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा तो काळा ढग, या गोष्टी इतक्या अंधुक असतात की एकेक फोटो तीन ते पाच मिनिटांचा घ्यावा लागतो. असे चाळीस-पन्नास फोटो एकावर एक रचले की मग कुठे रंग दिसायला लागतात. अख्खी रात्र जाते.

आणि अशा रात्री किती मिळतात? जून ते सप्टेंबर पाऊस. एप्रिल-मे मध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात, रात्रीसुद्धा कॅमेऱ्याचा सेन्सर तापलेला, हवेत धुरळा. उरले नोव्हेंबर ते मार्च. त्यात चांदण्या रात्री वजा करा. त्यात ढग वजा करा. त्यात ऑफिसला सुट्टी नसलेले दिवस वजा करा. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच रात्री राहतात.

त्यातली एक मी पूर्ण वाया घालवली आहे.

डिसेंबरची अमावस्या होती. नवा कोरा ऑफ-ॲक्सिस गायडर, म्हणजे ज्याला सगळे ‘ओएजी’ म्हणतात तो, दुर्बिणीला लावून चिखलदऱ्याला गेलो. रात्री आठपासून दोनपर्यंत गाइड कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एक तारा दिसला नाही. काळाकुट्ट पडदा. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला. सोबतचा मित्र रजईतून तोंड काढून म्हणाला, “कायले एवढ्या थंडीत कुडकुडून राह्यला बे? चाल, झोप.” झोपलो. दुसऱ्या दिवशी घरी येऊन दिवसाउजेडी बघितलं तर गाइड कॅमेरा त्याच्या योग्य जागेपासून सेंटीमीटरभर बाहेर होता. बस. वीस मिनिटांत काम झालं. कॅमेरा चांगला होता, लॅपटॉप चांगला होता, आभाळ तर फारच चांगलं होतं.

म्हणून हा लेख. ओएजी म्हणजे नेमकं काय, तो लावायचा कसा आणि त्याचा फोकस आणायचा कसा, हे एकदा नीट समजून घेऊ.

मुळात दुर्बिणीला ‘गाइड’ का लागतो?

पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश सरकताना दिसतं. वेग किती, तर सेकंदाला १५ आर्कसेकंद. पौर्णिमेचा चंद्र साधारण १८०० आर्कसेकंद रुंद असतो. म्हणजे दोन मिनिटांत आकाश चंद्राच्या एका रुंदीइतकं सरकतं. दुर्बीण ज्यावर बसते तो माउंट मोटरनं उलट फिरून हे सरकणं भरून काढतो. पण माउंटच्या आत गिअर असतात आणि कुठलाच गिअर शंभर टक्के गोल नसतो. तो थोडा पुढे जातो, थोडा मागे राहतो. डोळ्याला कळत नाही, पाच मिनिटांच्या फोटोत मात्र ताऱ्याचा तांदूळ होतो.

यावर उपाय म्हणजे दुसरा एक छोटा कॅमेरा फक्त एका ताऱ्यावर नजर ठेवतो. तारा जरा हलला की लॅपटॉप माउंटला सांगतो, इकडे सरक. हे काम करणारं सगळ्यात लोकप्रिय सॉफ्टवेअर म्हणजे पीएचडी-टू. फुकट आहे. आणि नावात पीएचडी असलं तरी डॉक्टरेटचा काही संबंध नाही. ‘पुश हिअर डमी’, म्हणजे ‘वेड्या, इथं दाब’, याचं ते लघुरूप. क्रेग स्टार्क यांनी मूळ सॉफ्टवेअर बनवलं तेव्हाच हे नाव ठेवलं.

आता हा छोटा कॅमेरा बसवायचा कुठे? सोपा मार्ग असा की मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बांधायची आणि तिला तो जोडायचा. याला गाइडस्कोप म्हणतात. बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात आणि लहान दुर्बिणीला ते पुरेसंही असतं. तुमची दुर्बीण ४००-५०० मिलिमीटर फोकल लेंथची असेल तर ओएजीच्या नादी लागू नका, पैसे वाचवा आणि पेट्रोलला ठेवा.

गडबड मोठ्या फोकल लेंथला सुरू होते. एक हिशेब करून बघा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा आणि फोकल लेंथच्या मिलिमीटरनी भागा. एका पिक्सेलमध्ये आकाशाचे किती आर्कसेकंद मावतात ते कळतं. आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण ०.६३ च्या रिड्यूसरसह साधारण १२८० मिलिमीटरची होते. त्यावर ३.७६ मायक्रॉनचा कॅमेरा लावला तर एका पिक्सेलला ०.६ आर्कसेकंद. आणि पाठीवरच्या १२० मिलिमीटरच्या गाइडस्कोपला ३.७५ मायक्रॉनचा कॅमेरा असेल तर पिक्सेलला सहा आर्कसेकंदांहून जास्त. म्हणजे पहारेकऱ्याची नजर मालकाच्या नजरेपेक्षा दहापट जाड.

तरीही सॉफ्टवेअर पिक्सेलच्या छोट्या भागापर्यंत ताऱ्याचं केंद्र ओळखतं, त्यामुळे एवढ्यानं फार बिघडत नाही. खरा घात करतं ते वाकणं. दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते तसा गाइडस्कोपचा क्लॅम्प किंचित झुकतो, फोकसर किंचित लोंबतो. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये तर आतला मुख्य आरसाच मधल्या नळीवर पुढेमागे सरकवून फोकस करतात, त्यामुळे तो रात्रीत हलका कलंडतो. हे सगळं किती, तर सेन्सरवर चार मायक्रॉन सरकलं तरी एक पिक्सेल गेला. माणसाचा केस याच्या पंधरा-वीसपट जाड असतो! गाइडस्कोप बिचारा प्रामाणिकपणे सांगत राहतो की माझा तारा जागेवर आहे. त्याचा असतोच. तुमच्या फोटोतला मात्र सरकलेला असतो. ग्राफ सपाट आणि तारे लांबट, असं दिसलं की समजायचं, हाच रोग आहे.

ओएजीची आयडिया

दुर्बीण जी प्रतिमा बनवते ती गोल असते. कॅमेऱ्याचा सेन्सर चौकोनी. गोल भाकरीतून चौकोनी तुकडा कापला की कडेला चार पाती उरतात, तसा कडेचा प्रकाश वाया जातो. ओएजी म्हणजे दुर्बीण आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसणारी एक चकती, तिच्यात एका दांडीवर छोटा प्रिझम. बऱ्याच ओएजीत तो ८ मिलिमीटर बाय ८ मिलिमीटरचा असतो. हा प्रिझम त्या वाया जाणाऱ्या पात्यातला प्रकाश काटकोनात वळवून वरच्या गाइड कॅमेऱ्याकडे पाठवतो. एकच दुर्बीण, एकच आरसा, दोन कॅमेरे. आरसा हलला तर दोघांनाही सारखाच हललेला दिसतो आणि दुरुस्ती होते.

ही युक्ती घरगुती जुगाड वाटत असेल तर हबल दुर्बीण आठवा. तिच्यातही दिशा धरून ठेवणारे सेन्सर प्रतिमेच्या कडेचा प्रकाश छोट्या आरशांनी उचलून घेतात आणि त्यातल्या ताऱ्यांवर नजर ठेवतात.

मग सगळेच ओएजी का वापरत नाहीत? कारण त्याला दिसतो आभाळाचा टिकलीएवढा तुकडा, तोही कडेचा. आणि फोकस जमला नाही तर तेवढंही दिसत नाही.

सगळं अडतं ते एका अंतरावर

प्रिझमपासून प्रकाश दोन वाटांनी जातो. एक सरळ, मुख्य कॅमेऱ्याकडे. दुसरी काटकोनात, गाइड कॅमेऱ्याकडे. या दोन वाटांची लांबी सारखी असली तरच दोन्ही कॅमेरे एकाच वेळी फोकसमध्ये येतात. प्रिझमच्या मध्यापासून मुख्य सेन्सर ४५ मिलिमीटरवर असेल तर प्रिझमच्या मध्यापासून गाइडचा सेन्सरही ४५ वरच हवा. एवढं एक वाक्य मला त्या रात्री माहीत असतं तर चिखलदऱ्याची ती अमावस्या वाचली असती.

यातून एक नियम निघतो आणि तो मोडायचा नाही. फोकस आधी मुख्य कॅमेऱ्याचा. मग गाइड कॅमेऱ्याचा, आणि तोसुद्धा गाइड कॅमेरा पुढेमागे सरकवूनच. दुर्बिणीच्या फोकसरला हात लावून गाइडचा तारा बारीक केलात तर मुख्य फोटो गेला. अंधारात, थंडीत, घाईत ही चूक हमखास होते.

पट्टी घेऊन मोजायला बसा. सेन्सर कॅमेऱ्याच्या तोंडापासून किती आत आहे ते कंपनीनं दिलेलं असतं. कॅनन ईएफच्या डीएसएलआरमध्ये ४४ मिलिमीटर आत, वर टी-रिंग ११ मिलिमीटर, मिळून ५५. हा ५५ चा आकडा लक्षात ठेवा, कारण बरेच फील्ड फ्लॅटनर आणि रिड्यूसर त्यांच्या मागच्या तोंडापासून सेन्सर ५५ मिलिमीटरवर आहे असं धरूनच बनवलेले असतात. सेलेस्ट्रॉनच्या एफ/६.३ रिड्यूसरला मात्र साधारण १०५ मिलिमीटर लागतात. ओएजीची चकती, फिल्टरचं ड्रॉवर, जोडरिंगा, सगळ्यांची जाडी या आकड्यातच बसवायची. म्हणून डीएसएलआरवाल्यांना टी-रिंगच्या जागी बसेल असा पातळ ओएजी शोधावा लागतो. जाड घेतला तर जागाच उरत नाही.

मोजून झालं की दोनपैकी एक अडचण येते. गाइड कॅमेरा पूर्ण बाहेर ओढूनही अंतर कमी पडत असेल तर सोपं आहे, गाइडच्या बाजूला एक रिंग वाढवा. उलट, पूर्ण आत ढकलूनही तो जास्तच लांब राहत असेल, तर मुख्य कॅमेरा ओएजीपासून लांब न्यावा लागतो. त्यासाठी ओएजीच्या पुढची, म्हणजे रिड्यूसरच्या बाजूची एखादी रिंग काढून कॅमेऱ्याच्या बाजूला लावा. एकूण अंतर तेवढंच राहतं, वाटणी बदलते. गोल डबीसारखे जाडे गाइड कॅमेरे इथे अडतात. सव्वा इंची नळीत थेट शिरणारे सडपातळ ‘मिनी’ कॅमेरे बरे पडतात.

पट्टीनं येतं ते फक्त जवळपास. एफ/६.३ ला फोकसची मोकळीक मिलिमीटरच्या एक दशांशाइतकी असते, तेवढं डोळ्यानं मोजता येत नाही. त्यामुळे शेवटचा बारीक फोकस पडद्यावर बघूनच. गाइड कॅमेऱ्याला पेचासारखा फिरवून सरकवायचा हेलिकल फोकसर मिळतो. तो असला तर आयुष्य सोपं होतं. नसला तर कॅमेरा हातानं केसभर सरकवायचा आणि स्क्रू आवळताना तो पुन्हा सरकतो म्हणून चरफडायचं.

प्रिझम कुठे आणि किती आत?

आयताकृती सेन्सरच्या लांब बाजूच्या मध्यावर प्रिझम येईल अशी चकती फिरवा. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा असतो. लांब बाजूकडून प्रिझम मध्यापासून आठेक मिलिमीटरपर्यंत जवळ नेता येतो, आखूड बाजूकडून बारा. जितकं मध्याजवळ, तितके तारे नीटस आणि प्रकाश जास्त.

किती आत ढकलायचा हे सावली सांगते. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून लावा, समोर उजेड, आणि मुख्य कॅमेऱ्यानं फोटो घ्या. कडेला काळसर टेंगूळ दिसलं तर प्रिझम सेन्सरवर सावली टाकतोय. केसभर मागे घ्या, पुन्हा फोटो. टेंगूळ नाहीसं होईल तिथे दांडीचा स्क्रू आवळा. हा स्क्रू टिचभर असतो आणि त्याची एलन की त्याहून टिचभर. ती दुर्बिणीच्या पेटीतच ठेवा.

फिल्टर वापरत असाल तर ओएजी फिल्टरच्या आधी, दुर्बिणीच्या बाजूला असू द्या. नाहीतर नॅरोबँड फिल्टरनं गाइडच्या ताऱ्याचाही बहुतेक प्रकाश खाऊन टाकलेला असतो.

गच्चीवर, सकाळी सात वाजता

आता मुख्य काम. हे दिवसा, घरी करायचं. उन्हं चढण्याआधी, कारण दहानंतर वऱ्हाडात तापलेल्या हवेच्या लाटांमध्ये लांबचं काहीच स्थिर दिसत नाही. आणि दुर्बीण सूर्याच्या दिशेला चुकूनही वळवायची नाही. शोधक दुर्बिणीलाही झाकण ठेवा.

दोन-तीन किलोमीटरवरचं काहीतरी निवडा. लोक मोबाइलचा टॉवर नाहीतर पाण्याची टाकी निवडतात. मी म्हणेन, क्षितिजावरची झाडांची रांग घ्या. कारण असं की गाइड कॅमेरा मुख्य कॅमेऱ्याच्या मध्याच्या बाजूचं बघतो. १२८० मिलिमीटरच्या दुर्बिणीत प्रिझम मध्यापासून १२ मिलिमीटरवर असेल तर हा फरक अर्ध्या अंशाचा होतो. तीन किलोमीटरवर पंचवीस-तीस मीटर. मुख्य कॅमेऱ्यात टॉवर मस्त दिसतोय आणि गाइडमध्ये नुसतं निळं आभाळ, असं झालं की माणूस पुन्हा केबल बदलायला घेतो. झाडांची रांग असेल तर दोघांनाही काहीतरी दिसतं.

मुख्य कॅमेऱ्यानं झाडाच्या फांद्या लख्ख करा. मोठ्या करून बघा. मग फोकसर लॉक करा आणि त्याला विसरून जा.

आता गाइड कॅमेरा. हे कॅमेरे रात्रीसाठी बनवलेले, दिवसा त्यांचे डोळे दिपतात. पडदा पांढराफटक दिसेल. घाबरू नका, गेन शून्यावर आणा आणि एक्स्पोजर मिलिसेकंदांत, गरज पडली तर त्याहूनही कमी. धूसर हिरवा-राखाडी डाग दिसायला लागला की कॅमेरा सावकाश आत-बाहेर करा. डागाच्या फांद्या होतील. त्या सगळ्यात स्पष्ट दिसतील तिथे आवळा आणि कॅमेऱ्याच्या नळीवर बारीक मार्करनं रेघ मारा. मी नेलपॉलिश वापरलं, घरातून परवानगी काढून.

आता प्रश्न येतो की झाड तीन किलोमीटरवर, तारा कुठच्या कुठे, मग रात्री हे चालेल कसं? चालतं, कारण आपण झाडाचा फोकस लावलेला नाही. आपण दोन कॅमेऱ्यांची वाट सारखी केली आहे. रात्री मुख्य फोकस ताऱ्यावर आणला की गाइडही आपोआप त्याच्या सोबत येतो. प्रतिमेच्या कडेला फोकसची पातळी मध्यापेक्षा किंचित वेगळी असते, तेवढी दुरुस्ती रात्री करायची. ती सेंटीमीटरची नसते, केसभर असते. आणि पडदा काळा नसतो, हे सगळ्यात महत्त्वाचं.

रात्री

आधी एखादा ठळक तारा घ्या. बाहतिनोव्ह मास्क म्हणजे रेघारेघांची चाळणी. ती दुर्बिणीच्या तोंडावर लावली की ताऱ्याला तीन रेघा फुटतात आणि मधली रेघ बरोबर मध्ये आली की मुख्य फोकस झाला. मास्क काढायला विसरू नका. हसू नका, विसरतात.

मग दुर्बीण ताऱ्यांच्या गर्दीकडे वळवा. हिवाळ्यात कृत्तिकांचा पुंजका उत्तम. गाइड कॅमेऱ्याला दोन ते चार सेकंदांचं एक्स्पोजर द्या, गेन चढवा. दिवसाचं काम नीट झालं असेल तर तारे दिसतील, कदाचित फुगलेले. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये ते मध्ये भोक असलेल्या मेदूवड्यासारखे दिसतात. केसभर फिरवा. वडा मोठा झाला तर उलट फिरवा. लहान होत होत त्याचा ठिपका होतो. पीएचडी-टूमध्ये ताऱ्याचा एचएफडी नावाचा आकडा दिसतो, तो सगळ्यात कमी होईल तिथे थांबा.

तरीही काही दिसत नसेल तर ठळक तारा मुख्य कॅमेऱ्याच्या मध्यावर आणा आणि माउंटच्या बटणांनी तो हळूहळू प्रिझमच्या कडेकडे सरकवत चौकटीबाहेर काढा. कुठल्या कडेला प्रिझम आहे ते सकाळी टेंगूळ दिसलं तेव्हाच नोंदवलेलं असेल तर काम लवकर होतं. ठळक तारा फोकसबाहेर असला तरी मोठा फिकट गोळा म्हणून दिसतोच. अंधुक तारा फोकसबाहेर गेला की त्याचा प्रकाश इतका पसरतो की तो गायबच होतो. माझ्या काळ्या पडद्याचं रहस्य हेच होतं. तारे तिथेच होते, नुसते पसरून विरले होते.

आणि एक. ओएजीमधले तारे गोल दिसणार नाहीत. शेपटीवाले दिसतील, उडत्या पक्ष्यासारखे दिसतील. दुर्बिणीच्या कडेची प्रतिमा तशीच असते. पीएचडी-टूला ताऱ्याचं केंद्र सापडलं की झालं, त्याला सौंदर्याशी देणंघेणं नाही. गोल करण्याच्या नादात तासभर घालवू नका.

सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथ बदलली का बघा. गाइडस्कोपचे १२० तसेच राहिले असतील तर कॅलिब्रेशन वेडंवाकडं होतं. आता गाइडची फोकल लेंथ म्हणजे मुख्य दुर्बिणीची. कॅलिब्रेशन आकाशाच्या विषुववृत्ताजवळ आणि दक्षिणेला उंचावर करायचं असतं. वऱ्हाडातल्या हिवाळ्यात याचं चिन्ह आयतं आहे, मृगाच्या पोटातले तीन तारे. ते विषुववृत्ताला जवळपास चिकटलेले आहेत. मृग दक्षिणेला डोक्याकडे सरकला की त्याच्याजवळ करून घ्या. गाइडचं एक्स्पोजर दोन ते तीन सेकंद ठेवा. अर्ध्या सेकंदाचं ठेवलं तर माउंट हवेच्या थरथरीमागे धावत सुटतो.

आपल्या भागाची दोन दुखणी

अकोला साधारण २०.७ अक्षांशावर, अमरावती २०.९ वर. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून तेवढाच वर असतो, हात लांब करून दोन मुठी. युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ बघून शिकलेल्यांना हे खटकत नाही, पण चिखलदऱ्यात उत्तरेला झाडं किंवा टेकाड असलं की ध्रुवच दिसत नाही. जागा दिवसाच बघून ठेवा. शिवाय माउंट एवढा खाली झुकला की काही माउंटांची वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायाला आपटते. ध्रुवाशी जुळवणी ढिली राहिली तर ओएजी कितीही चांगला लावा, चित्र गाइडच्या ताऱ्याभोवती हळूहळू फिरतं आणि कोपऱ्यातले तारे वक्र होतात.

दुसरं दुखणं फेब्रुवारीनंतरचं. सिंह आणि कन्या राशीतल्या आकाशगंगा बघायला हाच काळ चांगला, पण त्या भागात तारे विरळ. प्रिझमच्या टिकलीएवढ्या खिडकीत एकही कामाचा तारा नसणं शक्य आहे. तेव्हा ओएजी आणि कॅमेरा दोन्ही एकत्र फिरवा, म्हणजे खिडकी आकाशाच्या दुसऱ्या तुकड्यावर जाते आणि फोकस बिघडत नाही. एक्स्पोजर चार-पाच सेकंद करा. गाइड कॅमेऱ्याला दोन बाय दोन बिनिंग द्या. मुख्य चौकट थोडी सरकवून तारा मिळत असेल तर सरकवा, आकाशगंगा मध्यावरच पाहिजे असा काही कायदा नाही.

मेळघाटच्या जंगलात रात्री सामान घेऊन शिरायचा विचार करू नका. तो व्याघ्र प्रकल्प आहे. चिखलदऱ्यात मुक्कामाच्या जागेचं आवार किंवा गच्ची आधी विचारून ठरवा आणि मालकाला अंगणातला दिवा बंद करायला सांगा.

राजेहो, शेवटचं. गच्चीवर सगळं जुळलं की रिड्यूसर, ओएजी, दोन्ही कॅमेरे हा संच खोलून वेगवेगळ्या डब्यांत भरू नका. आहे तसाच, एका तुकड्यात, टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवा. चिखलदऱ्याला पोचल्यावर तो दुर्बिणीच्या मागे एकाच आट्यानं बसवायचा, नेलपॉलिशची रेघ जागेवर आहे ना ते टॉर्चनं बघायचं आणि मुख्य कॅमेऱ्याच्या फोकसपासून सुरुवात करायची.